रविवारची सहल: बायलंडचा पत्ता (तातडीचं)

सचिव:
मंडळी, कोचवाल्याकडे 'ओल्ड बायलंड' असा पत्ता गेलाय. ते गाव वेगळं. आपल्याला इंग्लंडात यॉर्कशरमधल्या कॉक्सवोल्ड गावाजवळच्या बायलंड ॲबीला, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाच्या अवशेषांना, जायचंय. आज रात्रीपर्यंत पत्रक दुरुस्त करून हवं.

नाना:
'ओल्ड' म्हणजे मूळ मठ तिथलाच ना? मग आधी तिथेच थांबू.

माई:
नाना, मठ तिथे फार टिकलाच नाही. इथले मठवासी मूळचे फर्नेसच्या मठातले. 1138 मध्ये हूड या जागी आले, मग रॉजर द मोब्रे या सरदारानं बायलंडची, म्हणजे आजच्या ओल्ड बायलंडची, जमीन दिली. पण नदीपलीकडे रीव्हो, दुसरा मठ! दोन्हीकडच्या घंटा एकमेकांना ऐकू जायच्या, प्रार्थनेची वेळ नक्की कुणाची ते कळेना. 1147 मध्ये ते स्टॉकिंगला हलले आणि 1177 मध्ये आत्ताच्या जागी. ती जमीन पाणथळ, पाणी काढून कोरडी करावी लागली. बायलंडनंतर जागा दोनदा बदलली, नाव मात्र बायलंडच राहिलं. हे पत्रकात आलंच पाहिजे.

अप्पा:
पत्रक एकाच पानाचं ठरलंय. मजकूर मी बघतोय, तो परस्पर ठरवू नये. जेवणाच्या सूचनांनीच अर्धं पान जातं.

लीड्सची ताई:
अप्पा, सूचनांत फरशांचं घालाच. हिरव्या-पिवळ्या झिलईच्या, तेराव्या शतकातल्या फरशा अजून जागच्या जागी आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी आपली मुलं जुन्या जोत्यावर उड्या मारत होती, मला फार वाईट वाटलं. डबे बाहेर गवतावरच उघडायचे.

नाना:
मुलांना नुसतं दटावू नका, त्यांना नक्षी शोधायला सांगा. माझी नात त्यात तासभर रमेल. आणि रीव्हो इतकं जवळ आहे, तर तेही करू या.

माई:
दोन्ही केलं तर दोन्हीकडे घाई होईल. बायलंडचं चर्च जवळजवळ 100 मीटर लांब होतं. पश्चिमेच्या भिंतीत गोल खिडकीचा खालचा अर्धाच भाग उरलाय. अख्खी होती तेव्हा व्यास 26 फूट! 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, त्यानंतरही एवढं उभं आहे. त्या भिंतीखाली मंडळींना निवांत उभं राहू द्या.

अप्पा:
ठीक. घंटा, 1177 आणि फरशा, तीन ओळी देतो. खिडकीचं माईंनी तिथेच सांगावं.

सचिव:
कोचवाल्याशी बोलले, पत्ता बदलला. रीव्हो या खेपेला नाही. शाकाहारी डब्यांची संख्या उद्या दुपारपर्यंत कळवा.