‘स्नायू’ कुणाचा? हिंदीतून मराठीत येताना अडकलेला शब्द

तापीकाठचा: एका दवाखान्यासाठी दम्याच्या आणि सीओपीडीच्या (फुप्फुसाचा जुनाट आजार) पंपांची पत्रकं हिंदीतून मराठीत करतोय. टायोट्रोपियम या पंपातल्या औषधाच्या पत्रकात वाक्य आहे, ‘यह दवा स्नायु का संकेत रोकती है।’ मी डोळे मिटून ‘स्नायूचा संकेत रोखते’ लिहिलं. वडलांनी वाचलं आणि म्हणाले, “स्नायू कधीपासून संकेत द्यायला लागला रे?” तेव्हा ट्यूब पेटली. तिकडचा स्नायु म्हणजे नर्व्ह, आपला स्नायू म्हणजे त्यांची मांसपेशी. आता नर्व्हला काय लिहू? वाचणारे रावेर-यावलकडचे, साठीच्या पुढचे.

फळा-खडू: चेता. शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था आहे. विषय संपला.

केळीचा घड: आमच्या आजीला चेता म्हणालात तर ती शेजारच्या चेतनला हाक मारेल. नस लिहा भाऊ.

औषधवाली, धुळे: नस नको. सलाईन लावताना सिस्टर ‘नस सापडत नाही’ म्हणते ती शीर असते. पेशंटला वाटेल औषध रक्तात अडथळा करतंय, आणि पंप बंद करून टाकेल. असं झालेलं काउंटरवर पाहिलंय.
आणि दादा, मूळ वाक्यच ढिलं आहे. हे औषध नर्व्हला हात लावत नाही. व्हेगस म्हणजे मेंदूतून छातीकडे येणारी नर्व्ह, तिच्या शेवटच्या फांद्या श्वासनळीच्या भिंतीतल्या स्नायूपाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात. ते स्नायूवरच्या एम-३ ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसलं की स्नायू आवळतो, नळी अरुंद होते. टायोट्रोपियम त्या जागेवर आधीच जाऊन बसतं आणि लवकर उठत नाही, म्हणून दिवसातून एकदाच घ्यायचं. निरोप निघतो, घेणाऱ्याचं दार बंद. दुसऱ्या पंपातल्या सॅल्ब्युटामॉलची तऱ्हा वेगळी. ते बीटा-२ ग्राहीवर बसून स्नायूलाच सैल करतं, नर्व्हचा निरोप आला काय नि न आला काय. दोन्ही पत्रकांत एकच वाक्य चिकटवू नका.

तापीकाठचा: चिकटवलं होतं. काढतो.

मूळ शोधे: खरं तर दोघंही घसरलेत, हिंदी पण आणि आपण पण. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५००. तिथे स्नायू म्हणजे बांधणारा दोर, पेशी म्हणजे मांस. ग्रीक ‘न्यूरॉन’सुद्धा आधी कंडरा, धनुष्याची दोरी, नर्व्ह हा अर्थ मागून आला. हिंदी त्या वाटेने गेली, आपण मांसाकडे वळलो. पेशी मोकळी पडली, ती ‘सेल’ला देऊन टाकली! आणि मज्जातंतूबद्दल तर बोलूच नका. मज्जा म्हणजे हाडातला गर. हाडाच्या गराचा दोरा?

केळीचा घड: पेशंटला धाप लागलीय आणि तुम्ही सुश्रुत काढताय. मज्जातंतू सगळ्यांना कळतं, बस.

मूळ शोधे: ‘कळतं’ म्हणून काहीही चालवायचं? मग ‘नर्व्ह’च छापा देवनागरीत.

औषधवाली, धुळे: मी तर तेच म्हणेन.

फळा-खडू: हरे राम.

कपाशीवाला, अमळनेर: आमच्या काकांचं सांगतो. तोंडाला फडकं न बांधता कपाशीवर फवारत होते. संध्याकाळी तोंडाला लाळ, घामाने भिजलेले, छातीत शिट्टी. आईला म्हणाले, “माले दम लागी ऱ्हायना.” दवाखान्यात इंजेक्शनावर इंजेक्शन, सगळी ॲट्रोपिनची. डॉक्टर म्हणाले, ‘नसांचा नळ उघडा राहिलाय.’ ना चेता, ना मज्जातंतू, पण घरातल्या सगळ्यांना कळलं.

औषधवाली, धुळे: बरोबर बोलले ते. ॲसिटिलकोलीन पुसून टाकणारं एन्झाइम त्या फवारणीच्या औषधाने बंद पडतं, मग निरोप थांबतच नाही. छाती आवळते, कफ भरतो. ॲट्रोपिन तो निरोप स्नायूपाशी अडवतं. टायोट्रोपियम त्याचंच लांबचं नातेवाईक. ॲट्रोपिन धोतऱ्यातही असतं.

केळीचा घड: म्हणून आजोबा धोतऱ्याच्या पानाची विडी ओढायचे दम्यावर!

औषधवाली, धुळे: ओढायचे, पण कुणी करून बघू नका. कुठल्या पानात किती, याला माप नाही. माणूस भ्रमतो, मरतोही.

फळा-खडू: ‘धोतऱ्या’ की ‘धोत्र्या’?

मूळ शोधे: धत्तूर, धुत्तूर, मग धोतरा. सामान्यरूप धोतऱ्या. ‘धोत्र्या’ म्हटलं की मला धोतर आठवतं.

कपाशीवाला, अमळनेर: आमच्याकडे धोत्राच म्हणतात.

तापीकाठचा: मंडळी, सोमवारी छपाई आहे. ‘नर्व्हचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही’ एवढं टाकलंय. वडील विचारताहेत, ‘निरोप’ कशाला, ‘सांगावा’ का नाही?