मदत हवी आहे : पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाच्या राहण्याची सोय

आमच्या सोसायटीजवळच्या बसथांब्यावर गेले दीड महिना एक आजोबा झोपतात. वय ७१, गाव सातारा जिल्ह्यातलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत नऊ वर्षं होते, शिपाई म्हणूनच सुटले. पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही. गावचं घर पुतण्यांकडे. त्यावर ते बोलत नाहीत, मीही खोदून विचारलं नाही.

दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, त्यांनी दाखवलं. भिजून पानं चिकटलीत, नंबर जेमतेम वाचता येतो. अंथरूण मात्र सकाळी सहाला घडी घालून, कोपरे जुळवून ठेवलेलं असतं!

पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक मदत मिळते आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो, एवढं मला कळलंय. पण पैसे येईपर्यंत म्हातारा माणूस राहणार कुठे? पुण्यात किंवा साताऱ्यात, पैसे न घेता त्यांना ठेवून घेईल असा वृद्धाश्रम कुणाच्या ओळखीत आहे का? सैनिकी विश्रामगृहात निदान पंधरा दिवस काढता येतील का?

त्यांच्या रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसातून डिस्चार्ज बुकाची दुसरी प्रत कुणी काढली असेल तर तेही सांगा. आधार कार्डावर अजून गावचाच पत्ता आहे, त्याने अडेल का?

ऐकीव नको, स्वतः केलं असेल तेच लिहा. त्यांना हजार रुपये देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत.