ज्यांच्यावर तक्रार केली, त्यांच्यासाठीच प्रार्थना करायची?

बावड्याची सून:
सलाम सगळ्यांना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाला आहे. मे महिन्यात गाळ काढल्याचं कागदावर आहे, प्रत्यक्षात बुट्टीभरही निघालेला नाही. जुलैत कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीलाही पोचलं नव्हतं, तोवर आमच्या न्हाणीतून उलटं पाणी वर आलं. तांदळाचा डबा कॉटवर चढवताना सासूबाई घसरल्या.

मी अर्ज लिहिला, 31 घरांच्या सह्या घेतल्या. इथवर ठीक. पण रागाच्या भरात भागातल्या नेत्यांचा नारळ फोडतानाचा फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, "नाला खाऊन बोका झोपला."

रविवारी आमच्या चर्चच्या एका पंचकाकांनी बाजूला घेऊन बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय उघडून दाखवला. "अधिकारी देवानं नेमलेले असतात, पोरी. अर्ज मागे घे." आणि नेमकी त्याच उपासनेत देशासाठी, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना माझ्याकडे! राष्ट्रपती झाले, मुख्यमंत्री झाले, कलेक्टर झाले. आमच्या भागापर्यंत आले आणि जीभ टाळ्याला चिकटली. "आणि इतर सर्व" म्हणून आमेन केलं.

अर्ज मागे घेऊ का? आणि तक्रार ठेवून त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर ते ढोंग नाही का?

मास्तर, गडहिंग्लज:
अर्ज अजिबात मागे घेऊ नका. पंचांना म्हणावं, पहिल्या ओवीवर थांबू नका, चौथीपर्यंत या. अधिकारी "तुझ्या हितासाठी देवाचा सेवक" आहे, असं तिथं लिहिलंय. सेवकाला काम विचारायचं नाही तर कुणाला विचारायचं? प्रेषित पौलानं हे पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, म्हणजे राजा भला होता म्हणून लिहिलं असंही नाही. आणि हाच पौल फिलिप्पै शहरात काय करतो? चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी निरोप आला, गुपचूप निघा. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आले की साहेब लोक! प्रेषितांची कृत्ये, 16वा अध्याय. तुमचा अर्ज त्याच जातीचा.

स्टेटस मात्र काढा. पौलानंही एकदा यहुद्यांच्या महायाजकाला चुना लावलेली भिंत म्हटलं होतं. कोण आहे ते कळल्यावर लोकांच्या अधिकाऱ्याला वाईट बोलू नये, हे वचन त्यानं स्वतःच आठवलं.

शाहूपुरीचा भावा:
मास्तर, मग येशूनं हेरोद राजाला कोल्हा म्हटलं ते? लूक 13:32. कोल्हा चालतो आणि बोका चालत नाही व्हय?

मास्तर, गडहिंग्लज:
हेरोदानं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं उडवलं होतं, आणि येशूच्याही जिवावर उठलाय असा निरोप आला होता. इथं गाळ काढायचा राहिलाय. प्रमाण बघ की लेका.

मिरजेची सिस्टर:
ताई, मला वाटतं पंचकाका शास्त्र सांगत नाहीत, ते घाबरलेत. आपली घरं मोजकी. दाखला असो, कबरस्तानाची वाट असो, त्याच नेत्यांच्या दारात जावं लागतं. त्यांच्यावर रागावू नका, पण भीतीला अध्याय-ओवीचा सदरा घातला म्हणून ती आज्ञा होत नाही. हिटलरच्या जर्मनीतही हाच 13वा अध्याय लोकांना गप्प बसवायला वापरला गेला. 1934 साली तिथल्याच बार्मेनला जमलेल्या चर्चच्या मंडळ्यांनी जाहीर सांगितलं, की सरकारची मर्यादा सरकारला, मंडळीचा प्रभू एकच, येशू.

प्रार्थनेचं म्हणाल तर, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करा म्हटलंय. त्यांना शाबासकी द्या असं कुठं म्हटलंय? मी वॉर्डात डोकं खाणाऱ्या पेशंटसाठीही करते. त्याला बरं व्हायचंय, एवढं पुरतं.

बावड्याची सून:
स्टेटस काढलं. तोवर 140 जणांनी बघितलं होतं, ते जाऊ दे. अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. सासूबाईंचा पाय उतरतोय. रविवारी प्रार्थना परत माझ्याकडे आहे. नाव घ्यायचं ठरवलंय, आडनावापर्यंत पोचते का बघू.

पंचकाकांकडंही सहीला गेले होते. सही केली नाही. चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "कबरस्तानाच्या वाटेवर पाणी तुंबतंय, तेपण घालायचं होतंस की ह्यात."