लिनक्सवर फुकट शूटर गेम खेळायचा तर झोनॉटिक पुरेसा नाही का?

पेंग्विनभाऊ (धागाकर्ता)
३१ ऑक्टोबर २०२४ ला एपेक्स लीजंड्सने लिनक्सवाल्यांना दार लावलं. कारण काय, तर लिनक्सवरचे चीट पकडणं अवघड जातं. तोवर प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) गेम व्यवस्थित चालत होता. व्हॅलोरंटने तर आपल्याला कधी विचारलंच नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (चीट पकडणारं सॉफ्टवेअर) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, ठाण मांडतं. जे आपल्याला नको म्हणतात त्यांच्या मागे कशाला लागायचं?

झोनॉटिक घ्या. नेक्सुइझ या फुकट शूटरचं नाव २०१० मध्ये एका कंपनीकडे गेलं तेव्हा मूळ गेमवर काम करणाऱ्यांनी वेगळी चूल मांडली, तो हा गेम. जीपीएल परवाना, म्हणजे कोड सगळ्यांना खुला; इंजिन क्वेक या जुन्या शूटरच्या वंशातलं. एकाच झिपमध्ये विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींच्या फाइली. खातं उघडा, स्किन (शोभेचे रंग-पोशाख) घ्या ही कटकट नाही.

आणि त्यातलं डेव्हास्टेटर हे रॉकेट सोडणारं हत्यार! रॉकेट सोडून बटण दाबूनच ठेवा, तुम्ही नेम फिरवाल तिकडे ते वळतं. समोरच्याच्या जवळ पोचलं की दुसरं बटण दाबा, हवेतच फुटतं. हे एकदा जमलं की बाकीचे शूटर मिळमिळीत वाटतात.

पिंगग्रस्त पुणेकर
गेम झकास आहे, वाद नाही. पण खेळायचं कुणाशी? सर्व्हरची यादी उघडा, माणसं दिसतात ती बहुतेक युरोप-अमेरिकेकडची. इथून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त, आणि व्होर्टेक्स बंदुकीची एकच गोळी नेमकी बसवायची असते! आपण नेम धरेपर्यंत गडी दुसऱ्या मजल्यावर. त्यापेक्षा काउंटर-स्ट्राइक २ बरा. तोही फुकट, लिनक्सवर थेट चालतो, आणि तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हचे सर्व्हर मुंबईत आहेत.

पेंग्विनभाऊ
फुकट म्हणे! प्राइम दर्जाचे पैसे भरल्याशिवाय प्रीमियर, म्हणजे क्रमवारीचे सामने, खेळू देतात का? आणि बिनप्राइमच्या सामन्यांत चीट लावून भिंतीपलीकडचं दिसणारे अंतर्ज्ञानी किती असतात, तेही सांगा की.

कर्नलकाकू
एपेक्सवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, भाऊ. लिनक्सचा कर्नल कुणीही हवा तसा बदलून बांधू शकतो. आपल्याला हीच गोष्ट आवडते, आणि अँटी-चीट लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो याच गोष्टीने. झोनॉटिकचा तर गेमचाच कोड उघडा. आपोआप नेम धरणारी आवृत्ती बांधायला कितीसा वेळ लागणार? तिथे चीटर कमी दिसत असतील तर ते फक्त चीट करून पदरात काही पडत नाही म्हणून. उद्या लाखभर लोक येऊ देत, मग बोलू.

पेंग्विनभाऊ
काकू, लाखभर हवेतच कशाला? सर्व्हर ज्याचा त्याचा, ऍडमिन नजर ठेवतो, खोड काढली की हाकलतो.

कर्नलकाकू
पहाटे तीनला पण जागा असतो का तुमचा ऍडमिन?

हॉस्टेल_कराड
आमच्याकडे अर्धे विंडोजवाले, अर्धे उबुंटूवाले (लिनक्सचाच एक प्रकार). एका जुन्या पीसीवर झोनॉटिकचा सर्व्हर टाकला (तोही त्याच झिपमध्ये येतो), पोर्ट २६०००, माणसं कमी पडली की बॉट (संगणकच खेळवतो ते खेळाडू) भरायचे. पिंगचा प्रश्नच नाही, आणि चीटर शेजारच्या खोलीतला, मग हिंमत कुणाची! पहिले काही दिवस नुसता दंगा. मग एकेक जण परत मोबाइलवर बीजीएमआयकडे (पबजीची भारतातली आवृत्ती) वळला, कारण घरचे मित्र तिथे. गेमचा दोष नाही, पण पुरेसा आहे असंही मी म्हणणार नाही. नवखा माणूस पहिल्या अर्ध्या तासात इतका मार खातो की परत फिरकत नाही.

पिंगग्रस्त पुणेकर
तेच तर! बरं भाऊ, मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊ. पैसे मी भरतो, शुक्रवारी रात्री नऊला दहा माणसं गोळा करायचं काम तुमचं. नाही जमली तर काउंटर-स्ट्राइक उतरवून घ्यायचा.

पेंग्विनभाऊ
मान्य. पण नऊ नको, अकरा करा. पोरं झोपल्याशिवाय हेडफोन लावायची सोय नाही.