मदत हवी आहे: कॉन्फेडरेट तोफखान्यातल्या सैनिकाची नोंद

अमेरिकेत वंशावळीचं काम केलेलं कुणी आहे का? माझ्या सासऱ्यांचे पणजोबा व्हर्जिनियाचे, यादवी युद्धात दक्षिणेच्या तोफखान्यात होते. त्यांच्या थडग्याच्या दगडावर आद्याक्षरं, आडनाव आणि 'लाइट आर्टिलरी, सी.एस.ए.' (हलका तोफखाना, दक्षिणेची कॉन्फेडरेट राज्यं) एवढंच वाचता येतं. खालची ओळ, बहुधा तुकडीची, पार झिजलीय.

नॅशनल आर्काइव्ह्जच्या सेवापत्रकांत याच नावाचे दोघं सापडले, वेगवेगळ्या बॅटरींत (तोफखान्याच्या तुकड्यांत). एकाचा माग १८६२ नंतर तुटतो. दुसरा १८६४ च्या हजेरीपटावर 'रुग्णालयात, रिचमंड' असा दिसतो. बॅटरी बहुतेक कॅप्टनच्या नावाने ओळखल्या जायच्या आणि कॅप्टन बदलला की नावही बदलायचं, त्यामुळे हे दोघं एकच की वेगळे, तेच उलगडत नाही. त्यात एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड सोडताना लागलेल्या आगीत बरेच कागद गेले.

या सैनिकांना पेन्शन केंद्राकडून नव्हे, राज्यांकडून मिळायचं. व्हर्जिनियात ते १८८८ पासून. विधवेचा अर्ज असेल तर त्यात तुकडी लिहिलेली असू शकते. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या पेन्शन यादीत आडनावाची स्पेलिंगं कशी बदलून शोधावीत? रिचमंडच्या चिंबोराझो रुग्णालयाच्या वह्या आणि अ‍ॅपोमॅटॉक्सच्या पॅरोल याद्या (तिथे शरण आलेल्या सैनिकांना सोडताना केलेल्या) कुणी प्रत्यक्ष पाहिल्यात का?

ती बाजू गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गौरव करायचा नाही, पण मुलांना खरं काय ते सांगायचंय. सासरे आता थकलेत, म्हणून घाई आहे.