फोनवरचा फार्मसिस्ट आणि म्हाताऱ्यांचं बीपी

तिखटजाळ: काल इथे एकाने लिहिलं, "बीपीसाठी म्हाताऱ्यांना दवाखान्यात कशाला ताटकळत ठेवता? घरी मशीन द्या, फार्मसिस्ट फोनवरून गोळ्या सांभाळेल. अमेरिकेत मिनेसोटात हेच केलं." अहो, तिथला फार्मसिस्ट डोस बदलतो तो डॉक्टरांशी आधी ठरलेल्या चौकटीत, रुग्णाची फाइल समोर ठेवून. आपल्याकडे त्याला तो अधिकारच नाही. चिठ्ठी न बघता बीपीच्या ॲम्लोडिपिनची स्ट्रिप कापून देणारा पोरगा माझ्या सासऱ्यांचा डोस ठरवणार?

गोळीबंद: पोरगा कोणाला म्हणता? मी फार्म.डी., सहा वर्षं घासलीत. मिनेसोटाचा तो अभ्यास 2013 चा, 450 जणांचा. सहा महिन्यांनी फार्मसिस्टच्या गटात सुमारे 72 टक्क्यांचं बीपी आटोक्यात, नेहमीच्या उपचारात 45. डोस ठेवा डॉक्टरांकडे. पण दोन डॉक्टर, दोन ब्रँड आणि दोन्हीत बीपीचं तेच औषध, टेल्मिसार्टन, हे कोण पकडणार? गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर खाऊन बीपी चढवणारे आजोबा?

सुमनताई: आईचे पाय सुजायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. मेडिकलवाले काका म्हणाले, ॲम्लोडिपिनने होतं असं, डॉक्टरांना विचारा. गोळी बदलली, सूज उतरली.

चावडीवरचा: नशीबवान आहात, ताई. आमच्याकडे काचेत सर्टिफिकेट एकाचं, काउंटरवर भलताच. सर्टिफिकेट भाड्याने!

गोळीबंद: आलं भाड्याचं रडगाणं! दुकानदार फार्मसिस्टला पगार किती देतो, ते विचारा आधी.

चावडीवरचा: म्हणजे घेणारा चोर आणि देणारा बिचारा? टाळी एका हाताने वाजत नाही.

गोळीबंद: मी कधी दिलं नाही. आणि तुम्ही? चिठ्ठी मागितली की "पुढच्या दुकानात मिळतं" म्हणणारे तुम्हीच ना?

तिखटजाळ: अहो, बीपीवर या!

चावडीवरचा: बीपीवरच आहे. समोरच्या काउंटरवर कोण उभा आहे ते कळत नाही, फोनवर काय कळणार? ड्रग इन्स्पेक्टर यायचा म्हटलं की फार्मसिस्ट उगवतो, एरवी गायब.

गोळीबंद: मग नोंदणी क्रमांक विचारा. फोन आला की पहिलं तेच विचारा. झालं?

सुमनताई: भांडा तुम्ही. आमचे हे जिना चढून आले की लगेच स्वेटरवरच पट्टा गुंडाळतात. 170 आला की फोटो लेकीला, सिडनीला. ती रात्रभर जागी. पाच मिनिटं बसा, बाही वर करा, एवढं सांगणारा माणूस मिळाला तरी मी पैसे देईन.

तिखटजाळ: बरं बाबा. पट्टा कुठे बांधायचा, पेनकिलर कुठली चालू आहे, उठताना चक्कर येते का, हे विचारू दे फार्मसिस्टला. वहीतले आकडे डॉक्टरांना पाठवू दे. डोसला हात लावला तर गाठ माझ्याशी आहे.

गोळीबंद: उपकार झाले. आणि हे सगळं फुकटात, ना?

चावडीवरचा: फी देतो की. आधी बिलावर दहा टक्के सूट मिळू दे.

गोळीबंद: बघा, हे असे लोक!