फेरीआधी आखलेली गोल्फची योजना आघाडीवर असताना बदलावी का?

प्रश्न: प्रत्येक होलवर टी-शॉट (पहिला फटका) कोणत्या क्लबने (काठीने) मारायचा आणि चेंडू कोठे थांबवायचा, हे मी आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवतो. शेवटच्या होलवर आघाडी हातात असेल, तर ही योजना बदलावी का?

उत्तर 1: आघाडी किती आहे, यावर ते ठरवावे. 1999 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधील कार्नुस्टीच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर गोल्फपटू जाँ व्हॅन द व्हेल्ड तीन फटक्यांनी पुढे होते, म्हणजे त्या पार 4 (चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या) होलवर सहा फटके लागले असते तरी विजेतेपद त्यांचेच होते. ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या क्लबचा पहिला फटका उजवीकडे भरकटूनही पाण्यापासून वाचला. माझ्या मते खरी चूक त्यानंतरची. चेंडू फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) आणण्याऐवजी त्यांनी टू-आयर्न या लांब पल्ल्याच्या क्लबने थेट ग्रीन (खळगा असलेला हिरवळीचा भाग) गाठायचा प्रयत्न केला, चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून दाट गवतात आला आणि तिसरा फटका बॅरी बर्न या ओढ्यात गेला. अखेर सात फटके लागले, बरोबरी झाली आणि ती सोडवण्यासाठीचा प्लेऑफ पॉल लॉरी यांनी जिंकला.

उत्तर 2: याउलट गोल्फपटू झॅक जॉन्सन 2007 च्या मास्टर्स स्पर्धेत एकाही पार 5 होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायला गेले नाहीत. वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबला सोयीच्या अंतरावर चेंडू ठेवत त्यांनी चार फेऱ्यांतील असे 16 होल 11 अंडर पारने (पारपेक्षा 11 फटके कमी) खेळून स्पर्धा जिंकली.

उत्तर 3: वारा फिरला तर बदल करावाच लागतो; मात्र 'समोरून वारा असल्यास थ्री-वूड' (हाही एक क्लब) असा पर्यायही आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा.